संसारातले प्रश्न : तीन सिलिंडर की चार?

मैत्रिणींनो, या आठवड्यात पत्र निवडले आहे कऱ्हाडच्या एका भगिनीचे. त्या लिहितात : "घरात आम्ही पाच माणसं. आम्ही दोघं, दोन मुलं नि सासूबाई. दिवाळीपर्यंत छोटी एस.यू.व्ही. घ्यायचं चाललंय. पोस्टातले नि भिशीचे मिळून माझे अडीच लाख त्यात जाणार. 'हे' म्हणतात, तीन सिलिंडरची घेऊ. भावोजी म्हणतात, तीन म्हणजे रिक्षा, घाटात धापा टाकेल, चारच घ्या. माझं माहेर चिपळूणचं, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. सासूबाईंची कंबर दुखते. मी काही विचारलं की दोघंही हसतात, म्हणतात, तुला काय कळतंय त्यातलं! ताई, खरंच इतकं अवघड असतं का हो?"

मुळीच नाही, बाई. सिलिंडर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गॅसची लाल टाकी येते, पण हे सिलिंडर म्हणजे इंजिनातले नळकांडे. स्टोव्हच्या पंपात जसा दट्ट्या असतो, तसाच एक दट्ट्या त्यात वरखाली होतो. आत इंधन पेटले की तो जोराने खाली ढकलला जातो आणि त्या धक्क्याने गाडी चालते. मात्र प्रत्येक नळकांड्यात हा धक्का इंजिनाच्या दोन फेऱ्यांतून एकदाच मिळतो. म्हणजे दोन फेऱ्यांत कुठे तीन धक्के, तर कुठे चार. सिग्नलला उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्या घेत असेल, तर तिनाचे सेकंदाला २० धक्के होतात आणि चाराचे सुमारे २७. उखळात तिघींऐवजी चौघी मुसळ घालू लागल्या की घाव जवळजवळ पडतात, ताल भरल्यासारखा वाटतो. तसेच हे.

दुसरी गोष्ट तोलाची. चार दट्ट्यांत कडेचे दोन वर जातात तेव्हा मधले दोन खाली येतात, त्यामुळे इंजिनाची दोन्ही टोके सारखी राहतात. तिनात ही जोडी जमत नाही आणि इंजिन टोकाटोकाने किंचित डुलते. ते डुलणे गाडीत पोचू नये म्हणून कारखानदार रबरी आधार देतात, काही जण तोल साधणारा जादा दांडाही बसवतात. कुणाचे हे काम चांगले जमते, कुणाचे बेताचे.

मग तीन करतातच कशाला? एक नळकांडे कमी म्हणजे इंजिन हलके, आखूड, आणि घासणारे भाग कमी, म्हणून इंधनाची बचत. शिवाय कराचे गणित आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून, चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सी.सी.पर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जी.एस.टी. आहे. यातली एकही मर्यादा ओलांडली की ४० टक्के. डिझेलला हीच सी.सी.ची मर्यादा १५०० आहे. म्हणून नेक्सॉन, एक्सयूव्ही ३एक्सओ यांची पेट्रोल इंजिने १२०० च्या आत, तीन सिलिंडरची. ब्रेझाचे इंजिन चार सिलिंडरचे, पण १४६२ सी.सी.चे, म्हणून गाडी आखूड असूनही कर मोठा.

आता भावोजींच्या घाटाकडे येऊ. सिलिंडर जास्त म्हणजे ताकद जास्त, असे नसते बरं का. ह्युंदाईच्या व्हेन्यूचेच पाहा. तिच्यात १२०० सी.सी.चे साधे इंजिन चार सिलिंडरचे आहे, त्याची ताकद ८३ अश्वशक्ती. त्याच गाडीत १००० सी.सी.चे टर्बो इंजिन तीन सिलिंडरचे, त्याची १२०! टर्बो म्हणजे चुलीतली फुंकणी समजा. हवा जोराने आत गेली की तेवढ्याच लाकडांचा जाळ मोठा होतो. तेव्हा पाच माणसे नि सामान घेऊन घाट चढायचा असेल, तर चार सिलिंडरच्या साध्या इंजिनापेक्षा तिनाचे टर्बो कामाला येईल. पण फुंकणी जोरात चालली की लाकडेही भराभर जळतात. पाय सतत दाबून चालवली, तर बचतीचा हिशोब कोलमडतो.

"तीन सिलिंडर टिकत नाही," हेही खरे नव्हे. १९८३ साली आलेली मारुती ८०० तीन सिलिंडरचीच होती आणि २०१४ पर्यंत निघत होती. इंजिनाचे आयुष्य वेळेवर बदललेल्या तेलावर असते. टर्बोला तर कंपनीने सांगितलेलेच तेल हवे. आणि घाट चढून थांबलात की मिनिटभर इंजिन तसेच चालू ठेवून मग बंद करावे.

सासूबाईंच्या कंबरेचे म्हणाल, तर तिथे सिलिंडरपेक्षा बैठक, तिची उंची आणि खड्ड्यातले दणके जास्त महत्त्वाचे. तेव्हा गाडी पाहायला त्यांनाही न्या. चढता-उतरता येते का, हे त्यांनाच सांगू दे.

दुकानात गेल्यावर एवढे करा :

१. सकाळी थंड असलेली गाडी तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. ए.सी. लावा, आरशाकडे पाहा, हात दारावर ठेवा. आरसा थरथरला, दार गुणगुणले, तर रोज सिग्नलला तेच सोसायचे आहे.

२. चाचणी पाचही जणांना बसवून, चढावर घ्या. दुसऱ्या गिअरमध्ये हळू जाऊन मग वेग वाढवून पाहा. विक्रेता सपाट रस्त्यावर एकट्याला फिरवून आणतो, त्यावर जाऊ नका.

३. एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर तीन आणि चार दोन्ही चालवा. वेगात फरक फारसा कळत नाही. उभ्या गाडीत नि हळू चालीत कळतो.

४. पाच वर्षांचा देखभालीचा खर्च लेखी मागा. तेल, फिल्टर, टायमिंगचा पट्टा असल्यास तो केव्हा बदलायचा नि किती रुपयांत, हे सगळे.

माझे मत विचाराल, तर गावातल्या गावात शाळा, बाजार, दवाखाना एवढेच असेल तर चाराचे साधे इंजिन शांत आणि बिनकटकटीचे. तुमच्यासारखा वरचेवर घाट असेल तर तिनाचे टर्बो घ्यायला हरकत नाही, पण पहिल्या परीक्षेत आरसा थरथरला नाही तरच.

आणि एक सांगू? अडीच लाख तुमचे आहेत. हसतील तर हसू देत. चाचणीच्या दिवशी मागच्या बाकावर बसू नका. पुढे बसा, गाडी येत असेल तर चालवायलाही मागा, आणि वरचे चार प्रश्न शांतपणे विचारा. चौथ्या प्रश्नाला विक्रेता तुमच्याकडे वळून उत्तर देऊ लागेल. मग घरात कोण हसते ते पाहा, आणि काय ठरले ते आम्हाला जरूर कळवा.