कल्पकता एकट्याची नसते



‘कल्पक माणसे निवडा, बाकी आपोआप होते’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला मुळीच पटलेले नाही. पोस्ट-इट चिठ्ठ्यांचेच पाहा. थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना सहज सुटणारा डिंक १९६८ मध्ये गवसला, पण त्याचा उपयोग सुचेना. ते वर्षानुवर्षे सहकाऱ्यांना त्याविषयी सांगत राहिले. हे आर्ट फ्राय यांच्या कानावर गेले. प्रार्थनागीतांच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या गळून पडत म्हणून ते वैतागलेले होते. उपयोग त्यांना सुचला, तोही १९७४ मध्ये! दोघे हुशार होतेच, पण गाठ पडली नसती तर?

वरिष्ठांचे निर्णयही तितकेच मोलाचे. कामाचा १५ टक्के वेळ स्वतःच्या प्रयोगांना देण्याची मुभा तिथे होती. १९७७ ची चाचणी विक्री फसली, तरी गाशा गुंडाळला नाही. पुढे बॉइझी शहरात फुकट नमुने वाटले आणि मागणी दिसली.

आपल्याकडे अनेक कचेऱ्यांत दुसऱ्या विभागाशी बोलायलाही साहेबांची परवानगी लागते. अशा ठिकाणी ‘कल्पक माणसेच मिळत नाहीत’ ही तक्रार कर्मचाऱ्यांवर अन्याय करणारी आहे. निदान त्यांनी केलेली सूचना का नाकारली, एवढे तरी त्यांना लेखी कळवावे.

– एक निवृत्त अभियंता, पिंपरी