विश्लेषण: कबुली ऐकणारा आणि नोकरीचा दाखला देणारा एकच असेल तर?

अमेरिकेत धार्मिक संस्थांना कर्मचाऱ्यांकडून धर्माच्या नियमांनुसार वागण्याची अट घालता येते. पण कर्मचारी घरी कसा वागतो, हे ठरवतं कोण? मॉर्मन चर्चमध्ये याचं उत्तर बऱ्याचदा त्याच्या धर्मगुरूपाशी येऊन थांबतं.

गाजलेला खटला कोणता?

यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत चर्चशी संबंधित डेझरेट जिम्नॅशियम ही व्यायामशाळा होती. ती सर्वांसाठी खुली होती. तिथे सुमारे १६ वर्षं इमारतीची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला १९८१ मध्ये काढण्यात आलं. कारण, 'टेम्पल रेकमेंड' हा चर्चचा दाखला त्याला मिळू शकला नव्हता.

१९६४ चा नागरी हक्क कायदा नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतो, मात्र धार्मिक संस्थांना त्यात सूट आहे. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही सूट वैध ठरवली. चर्चच्या ना-नफा कामातला देखभाल कर्मचारीही तिच्या कक्षेत आला.

दाखला कसा मिळतो?

बिशप आणि त्याच्या वरचा पदाधिकारी मुलाखत घेतात. उपस्थिती, उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचं दान, चहा-कॉफी, दारू-तंबाखू वर्ज्य करणं, अशा निकषांवर निर्णय होतो. चर्चच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २०२२ पासून नव्या नेमणुकांसाठी हा दाखला आवश्यक आहे.

मॉर्मन बिशप पगारी नसतो. तो वस्तीतलाच, स्वतःचा नोकरी-धंदा सांभाळणारा माणूस असतो. सदस्य गंभीर चुकांची कबुलीही त्याच्याकडेच देतात.

मग गोपनीयतेचं काय?

धर्मगुरूशी झालेलं बोलणं गोपनीय ठेवण्याची तरतूद अमेरिकेतल्या सर्व राज्यांत कमीअधिक प्रमाणात आहे. पण ती मुख्यतः न्यायालयातल्या साक्षीपुरती. नोकरी वाचवायला ती फारशी उपयोगी नाही. शिवाय बिशपने कोणाला एक शब्दही सांगण्याची गरज नसते. दाखल्याचं नूतनीकरण झालं नाही, की मालकाला समजायचं ते समजतं.

मार्ग काय?

संस्थेची बाजू दुर्लक्षिता येणार नाही. श्रद्धेवर उभ्या असलेल्या संस्थेला त्या श्रद्धेनुसार जगणारी माणसं हवीत, हे रास्तच आहे. अडचण आहे ती दोन अधिकार एका हाती असण्याची. व्यसन सुटत नाही किंवा श्रद्धा डळमळली आहे, हे सांगितल्यावर घराचा हप्ता थकणार असेल, तर माणूस गप्पच बसेल. त्यात त्याचं नुकसान आहेच, पण त्याला सावरू पाहणाऱ्या चर्चचंही आहे.

संस्थेने निकष कायम ठेवून नोकरीची पडताळणी वेगळ्या व्यक्तीकडे द्यावी आणि कबुलीत सांगितलेलं तिथे वापरू नये. यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. हा निर्णय चर्च स्वतःच घेऊ शकतं.