नंबर थांबला, हेच यश

नववीतली एक मुलगी फळ्यावरचे वाचताना मान तिरकी करायची. वर्षात दोनदा चष्मा बदलला, तरी अक्षरामागे सावली दिसायचीच. घरचे म्हणत, मोबाईलमुळे. खरे सांगायचे तर मीही तेच म्हणालो होतो. शेवटी जालन्यात नेत्रतज्ज्ञांनी टोपोग्राफी, म्हणजे बुबुळाच्या उंचवट्याचा नकाशा काढला, तेव्हा आजाराचे नाव कळले: केराटोकोनस. यात बुबुळाचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो.

तिच्या डोळ्यांचे क्रॉसलिंकिंग झाले. महिन्याने तिची अम्मी शाळेत आली. “सर, एवढा खर्च केला, चष्मा काही सुटला नाही. उलट धूसरच दिसतंय.”

उपचाराआधी त्यांना नीट कुणी समजावले नव्हते. या उपचारात कॉर्नियाचा वरचा पातळ थर काढून रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब टाकतात. मूळ पद्धतीत अर्धा तास थेंब आणि मग अर्धा तास अतिनील किरण. त्याने आतले कोलॅजनचे धागे एकमेकांना घट्ट जोडले जातात. बाजेची दोरी आवळली की ती आणखी झोळत नाही. पण बाज नवी होत नाही. पहिले काही दिवस डोळा दुखतो, काही आठवडे धूसर दिसते. क्वचित जंतुसंसर्ग होतो किंवा डाग राहतो, म्हणून तपासणी चुकवू नये.

२००३ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २३ डोळ्यांचे निकाल छापले. सगळ्यांत आजाराची वाढ थांबली. १६ डोळ्यांत उंचवटा सुमारे दोन डायॉप्टरने उतरलाही. पुढे काही रुग्णांत, विशेषतः लहान वयात, आजार पुन्हा वाढल्याचेही दिसले. म्हणजे नजर आहे तेवढी टिकवणे, हा या उपचाराचा हेतू. उशीर झाला तर खास कडक लेन्स, नाहीतर कॉर्नियाचे रोपण.

हा आजार दुर्मीळ म्हणावा, तर नागपूरजवळच्या खेड्यांतल्या तिशीपुढच्या लोकांच्या पाहणीत, २००९ साली, शंभरात दोनहून अधिक जणांत तो आढळला. आईवडील नात्यातले असतील तर धोका वाढतो, असेही काही अभ्यास सांगतात. स्थळ मोडेल म्हणून मुलीचा आजार लपवणाऱ्यांचा मला रागच येतो. त्यात हातातली वर्षे जातात.

सहा महिन्यांनी तिचा नवा नकाशा जुन्याशी जुळला. अम्मीच्या चेहऱ्यावर तेव्हा कुठे समाधान दिसले. मी विचारले, “धाकटा अजून डोळे चोळतो का?”

“दिवसभर,” त्या म्हणाल्या.

शनिवारी त्याला तपासायला नेत आहेत.