चोर सोडून संन्याशाला सुळी : कॉपीराइटच्या नावाखाली चाललेली तोंडबंदी

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. पण जिल्ह्यात ज्यांचं यूट्यूब चॅनल आहे, फेसबुक पेज आहे, जे मोबाइलवर बातम्या देतात, गाणी-भजनं टाकतात, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. हा विषय दिल्ली-मुंबईचा नाही. परंड्याचा, उमरग्याचा, कळंबचाही आहे.

आपल्या आठही तालुक्यांत आज मोबाइल हातात घेऊन बातमी देणारी पोरं आहेत. ना मोठं ऑफिस, ना पगार. पीकविम्याची बातमी, रस्त्याच्या खड्ड्याची बातमी, ग्रामसभेतली वादावादी, सगळं हीच पोरं आधी दाखवतात. त्यांच्या डोक्यावर एक टांगती तलवार आहे, तिचं नाव ‘कॉपीराइट स्ट्राइक’. यूट्यूबचा नियम सरळ आहे : ९० दिवसांत तीन स्ट्राइक बसले की चॅनल बंद. पाच वर्षांची मेहनत, हजारो व्हिडिओ, सगळं गेलं. फिर्यादी कोण, तर एखादी मोठी कंपनी. न्यायाधीश कोण? कुणीच नाही. एक ईमेल येतो, तोही इंग्रजीत. संपला निकाल.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. २३ मार्च २०२५ ला कुणाल कामराचा एक व्हिडिओ आला. उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावरचं विडंबनगीत त्यात होतं. शिवसैनिकांनी मुंबईत खारच्या हॅबिटॅट स्टुडिओत तोडफोड केली. दुसऱ्या दिवशी महापालिकेचा हातोडाही तिथं पोचला. तरी व्हिडिओ चालूच राहिला. मग तीन दिवसांनी काय झालं? टी-सीरिजनं त्याच व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा टाकला. व्हिडिओ दिसण्यावर आणि त्याच्या कमाईवर बंधन आल्याचं कामरानं स्वतः जाहीर केलं. दावा ‘मिस्टर इंडिया’ सिनेमातल्या ‘हवाहवाई’ गाण्याच्या विडंबनावर होता. मूळ संगीतरचना वापरायची परवानगी घेतली नाही, हे कंपनीचं म्हणणं. मी मूळ शब्द किंवा मूळ वाद्यसंगीत वापरलंच नाही, आणि विडंबन कायद्यानं चालतं, हे कामराचं म्हणणं.

कामरा तुम्हाला आवडतो की नाही, हा प्रश्न नाही. मलाही त्याचं सगळं पटत नाही. प्रश्न असा आहे की दोन्ही बाजू ऐकून घेणारा कुणी मध्ये होता का? नव्हता. तोडफोड करणाऱ्यांवर निदान गुन्हा तरी दाखल होतो. कॉपीराइटचा दावा मात्र एका क्लिकवर टाकता येतो, आणि तो खोटा निघाला तरी टाकणाऱ्याचं काही बिघडत नाही.

आणि चालीवर गाणं करणं हा गुन्हा असेल, तर आधी सगळ्या राजकीय पक्षांना आत टाका. निवडणूक आली की आपल्या गल्लीतून फिरणाऱ्या रिक्षांवर काय वाजतं? सिनेमाच्या चालीवर उमेदवाराचं नाव बसवलेली गाणीच ना? भीमजयंतीची कितीतरी गाणी, गणपतीच्या मेळ्यातली पदं, सप्ताहातली भजनं सिनेमाच्या चालीवर म्हटली जातात. हा महाराष्ट्राचा जुना स्वभाव आहे. ओळखीची चाल घ्यायची, तिच्यात आपलं म्हणणं घालायचं, म्हणजे ते लोकांच्या तोंडी बसतं. नेत्याचं कौतुक त्या चालीत केलं तर प्रचार, आणि टीका केली तर चोरी. हा कुठला न्याय?

आता कायदा काय म्हणतो ते बघू. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या कलम ५२ मध्ये स्पष्ट लिहिलंय की टीका किंवा समीक्षा करण्यासाठी आणि चालू घडामोडींची बातमी देण्यासाठी दुसऱ्याच्या कृतीचा उचित वापर केला तर तो भंग नाही. ‘उचित’ म्हणजे किती, हे प्रकरणागणिक ठरतं, हे खरं. पण ते ठरवायचं कोर्टानं. केरळ उच्च न्यायालयानं १९९६ मध्ये एका गाजलेल्या मल्याळम नाटकावर टीका करणाऱ्या ‘प्रतिनाटका’ला याच तरतुदीखाली संरक्षण दिलं होतं. म्हणजे मूळ कृतीतला भाग घेऊन तिच्यावरच टीका करणं आपल्या कोर्टांनी मान्य केलेलं आहे.

२०१२ च्या दुरुस्तीत आणि २०१३ च्या नियमांत आणखी एक चांगली गोष्ट आली. इंटरनेटवरचा मजकूर काढायला सांगणाऱ्यानं लेखी तक्रार द्यायची. ‘मी सक्षम कोर्टात दावा लावीन आणि २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणीन’ असं त्यात लिहूनही द्यायचं. मध्यस्थ कंपनीनं ३६ तासांत मजकूर थांबवायचा. पण २१ दिवसांत आदेश आला नाही, तर तो पुन्हा सुरू करता येतो. कलम ६० तर म्हणतं की उगाच कारवाईची धमकी देणाऱ्याविरुद्ध तुम्हीच कोर्टात जाऊन मनाई आणि नुकसानभरपाई मागू शकता. कागदावर कायदा इतका समतोल आहे.

मग प्रत्यक्षात काय चालतं? तर अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्यावर बेतलेली पद्धत. वाशीच्या किंवा लोहाऱ्याच्या पोराला स्ट्राइकला आव्हान द्यायचं असेल तर प्रतिसूचना भरावी लागते. तिच्यात आपलं नाव-पत्ता तक्रारदाराकडं जातो, आणि कॅलिफोर्नियातल्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य आहे असं लिहून द्यावं लागतं. सांगा बरं, धाराशिवचं जिल्हा न्यायालय गाठायला ज्याच्याकडं गाडीभाडं नाही, तो कॅलिफोर्नियाच्या नावानं सही करील का? तो गुपचूप व्हिडिओ काढून टाकतो. कंपन्यांना हे पक्कं माहीत आहे.

मे २०२५ मध्ये मोहक मंगल या यूट्यूबरनं एएनआय वृत्तसंस्थेवर जाहीर आरोप केला : काही सेकंदांच्या क्लिपसाठी स्ट्राइक दिले आणि ते मागं घ्यायला लाखो रुपये मागितले. आम्ही आमचा कायदेशीर हक्क बजावतोय, असं संस्थेचं म्हणणं. ती बदनामीचा दावा घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात गेली. कोण बरोबर ते कोर्ट ठरवील. पण एवढं तर दिसलंच की तीन स्ट्राइकच्या नियमामुळं समोरच्याची मान आधीच कात्रीत असते, आणि मग सौदा बरोबरीचा राहत नाही. लाखो सबस्क्रायबर असलेला माणूस निदान ओरडू शकतो. आपल्या तालुक्यातल्या पोराचं कोण ऐकणार?

तुळजापूरचं बघा. आई भवानीच्या दारात संबळ वाजतो, आराधी गाणी म्हणतात, गोंधळ घातला जातो. ही पदं कोणाच्या मालकीची? कुणाच्याच नाही, म्हणजे सगळ्यांची. एखाद्या कंपनीनं ती स्टुडिओत रेकॉर्ड केली, तर तिचा हक्क त्या रेकॉर्डिंगपुरता. पदावर नाही, चालीवर नाही. पण यूट्यूबची ओळख पटवणारी यंत्रणा सूर जुळवते, परंपरा तिला कळत नाही. मग पिढ्यान् पिढ्या जे पद घरात म्हटलं जातं, ते गोंधळ्याच्या पोरानं स्वतःच्या आवाजात टाकलं तरी ‘हे अमुक कंपनीचं आहे’ असा दावा येऊ शकतो, आणि त्या व्हिडिओची कमाई कंपनीच्या खात्यात जाऊ शकते. देवीच्या दारातली ओवी चोरीचा माल, आणि तिचा व्यापार करणारा मालक!

आता उलटी बाजू. सप्टेंबर २०२५ च्या पुरात परंडा, भूम भागात पाणी शिरलं. तेव्हा पहिले व्हिडिओ कुणी काढले? पाण्यात उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांनी. कायद्यानं ज्यानं चित्रण केलं, हक्क त्याचा. तरी असे व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून उचलून, कोपऱ्यात स्वतःचा लोगो चिकटवून दाखवायची चाल टीव्हीवाल्यांत जुनी आहे. ना नाव, ना परवानगी, ना रुपया. माझ्या स्वतःच्या पेजवरचं चित्रण एका मोठ्या चॅनलनं असंच दाखवलं. मी ईमेल केला, उत्तर आलं नाही. पण त्याच काळात विधिमंडळातल्या एका भाषणाचे नऊ सेकंद दाखवून मी पीकविम्यावर टीका केली, तर दुसऱ्या एका मोठ्या माध्यमसंस्थेचा दावा दोन तासांत हजर! त्यांचे नऊ सेकंद म्हणजे मालमत्ता, आणि आपला नऊ मिनिटांचा पूर म्हणजे फुकटचा माल. माझा राग कॉपीराइटवर नाही, या एकेरी वाहतुकीवर आहे.

काहीजण म्हणतील, साहेब, तुम्ही पायरसीची बाजू घेताय. अजिबात नाही. मोबाइलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत मेमरी कार्डात नवे सिनेमे भरून मिळायचे, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. जमीन गहाण ठेवून मराठी सिनेमा काढणाऱ्याच्या पोटावर तो पाय होता. आता टेलिग्रामवर तेच चाललंय. पूर्ण सिनेमा चोरून विकणाऱ्याला धरा, शिक्षा करा. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीनं तर तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख दंड ठेवलाय. त्याला माझा विरोध नाही.

पण चोर पकडायचा म्हणून अख्ख्या गल्लीला कुलूप लावायचं का? २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका सरसकट आदेशाचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी अख्ख्या वेबसाइटच बंद केल्या. लोक स्वतःचे व्हिडिओ जिथं ठेवतात ती व्हिमिओही त्यात गेली. शेवटी फक्त नेमक्या लिंक बंद करा, असा खुलासा कोर्टालाच करावा लागला. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ सिनेमाच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी हाच धडा घालून दिला : सरसकट बंदी मिळणार नाही, नेमक्या लिंक आणा, त्या तपासून आणा. म्हणजे चोरीही थांबवता येते आणि बाकीच्यांचं तोंडही उघडं ठेवता येतं. करायची इच्छा पाहिजे.

म्हणून चार मागण्या आहेत.

एक, भारतातल्या माणसावर भारतातून केलेल्या तक्रारीला भारताचाच नियम लागू करा. २१ दिवसांत कोर्टाचा आदेश नाही, तर व्हिडिओ परत आणि स्ट्राइक रद्द. ‘सुरू करता येतो’ नको, ‘सुरू केलाच पाहिजे’ असं नियमात लिहा.

दोन, कोर्टाचा आदेश येईपर्यंत कुठल्याही स्ट्राइकवरून चॅनल बंद करू नका.

तीन, नोटीस मराठीत द्या आणि आव्हान ऐकायला यंत्र नको, माणूस ठेवा. खोटी तक्रार वारंवार करणाऱ्यालाही तीन स्ट्राइकचा नियम लावा.

चार, विधिमंडळाचं कामकाज, सरकारी पत्रकार परिषदा, जिल्हा प्रशासनाचे व्हिडिओ यावर कुणाचा दावा चालणार नाही असं जाहीर करा. ते आपल्या करातून झालंय.

आपल्या खासदारांनी हे लोकसभेत मांडावं. मतं मागायला हीच पेजं लागतात ना? मग त्यांच्या पाठीशीही उभं राहा. पत्रकार संघटनांनी वर्धापनदिनाचे सत्कार थोडे बाजूला ठेवून जिल्ह्यात दोन-चार वकिलांची यादी करावी. स्ट्राइक आलेल्या पोराला पहिला फोन कुणाला करायचा, हे कळलं पाहिजे.

आणि पोरांनो, तुमच्यासाठी : मूळ चित्रण डिलीट करू नका, तारखेसह जपून ठेवा. दुसऱ्याची क्लिप घ्यायची तर गरजेपुरतीच घ्या, श्रेय द्या आणि तिच्यावर स्वतः बोला. नुसती उचलून चिकटवू नका. दावा आला की घाबरून लगेच व्हिडिओ काढू नका, आधी वाचा, जाणकाराला विचारा. पैसे मागणारा फोन आला तर म्हणा, लेखी द्या.

कॉपीराइट हा कष्ट करणाऱ्याला राखण म्हणून दिलेला हक्क आहे. राखणदारच वाटसरूला दगड मारायला लागला, तर जाब विचारावाच लागतो.

पटलं तर शेअर करा. माझं नाव न टाकता कॉपी केलीत तरी चालेल, स्ट्राइक मारणार नाही. ज्यांच्यावर असे दावे आलेत त्यांनी स्क्रीनशॉट पाठवा. जिल्ह्यातली प्रकरणं एकत्र करून खासदारांकडं आणि माहिती-प्रसारण मंत्रालयाकडं पाठवायची आहेत.