ओढेल हो, पण थांबेल का?

ट्रॅक्टर घ्यायचा म्हटला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला. "ओढतंय किती?" शोरूममध्ये तोच, पारावर तोच, आणि कर्ज मंजूर करणाऱ्या साहेबांच्या मनातही तोच. थांबतं कसं, हे मात्र कुणी विचारत नाही. ते जणू देवावर सोडलेलं असतं.

हे आत्ताच सुचायचं कारण म्हणजे आमच्या घरात सध्या दोन खरेद्या घाटतायत. एक वाळवा तालुक्यात. धाकट्या चुलत्यांचा मुलगा ऊस वाहतुकीसाठी ट्रॅक्टर घेतोय, दोन ट्रॉल्यांसकट. दुसरी थेट कोलोरॅडोत. तिथल्या पुतण्याला 'ट्रॅव्हल ट्रेलर' घ्यायचाय, म्हणजे चाकांवरची खोली. आत पलंग, ओटा, संडास, सगळं. सुट्टी लागली की गाडीमागे जोडायची आणि डोंगरात जायचं. तो ओढायला पिकअप कुठला घ्यावा, पेट्रोलचा की डिझेलचा, यावर त्याचा महिनाभर खल चाललाय. मी आयुष्यभर गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यात काढलं, म्हणून दोघेही मला विचारतात. (विचारतात, ऐकतात असं नाही. :) )

पुतण्याचं आधी उरकतो, कारण ते सोपं आहे. त्याला मी सांगितलं, पेट्रोलचाच घे. वर्षातून पाच-सहा वेळा तीन टनाचा ट्रेलर ओढायला डिझेलचे जादा पैसे भरण्यात अर्थ नाही. मात्र राहतोस उंचावर, तेव्हा टर्बो असलेलं इंजिन बघ. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी घटते, आणि तिकडचे घाट दहा-अकरा हजार फुटांवर जातात. उतारावर डिझेलवाल्याला एक्झॉस्ट ब्रेकची मदत असते, तुला नसेल, म्हणून खालच्या गिअरात उतरायची सवय लाव.

खरी मेख वेगळीच आहे. जाहिरातीत लिहिलेलं असतं की हा पिकअप पाच-सहा टन ओढतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळं लेबल असतं, त्यावर गाडी स्वतःच्या अंगावर किती वजन घेऊ शकते ते लिहिलेलं असतं. समजा ६८० किलो. ट्रेलरच्या वजनातला दहा ते पंधरा टक्के भार हुकावर, म्हणजे गाडीच्याच पाठीवर येतो. तीन टनाचे बारा टक्के धरले तर ३६० किलो. उरले ३२०. त्यात नवरा-बायको, दोन पोरं, कुत्रा, सायकली, शेगडी आणि वहिनींनी पाठवलेला फराळ. झालं, भरली गाडी! ओढायची ताकद निम्मी शिल्लक, आणि पाठ मात्र मोडायला आलेली.

तरी तिकडे निदान मोजायची पद्धत ठरलेली आहे. पिकअप कंपन्या पूर्वी आपापल्या मनाने आकडे छापत. २००८ मध्ये तिथल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने जे-२८०७ नावाचं मानक काढलं. त्यात अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढाचा हिशेब आहे. अठरा-एक किलोमीटर चढ, रणरणतं ऊन, एसी पूर्ण चालू, मागे ट्रेलर, आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली येता कामा नये. पण त्याच मानकात थांबण्याचीही परीक्षा आहे. १२ टक्के उतारावर हँडब्रेकने ट्रेलरसकट गाडी धरून दाखवायची. शिवाय बहुतेक राज्यांत ठरावीक वजनापुढच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. पिकअपचा ब्रेक दाबला की वायरीतून ट्रेलरचे ब्रेकही लागतात. ट्रेलर हुकातून सुटलाच तर एक दोरी ओढली जाते आणि तो आपोआप जागच्या जागी जखडतो. हे सगळं कशासाठी, तर सुट्टीत मजा करायला निघालेल्या तीन टनाच्या खोलीसाठी.

आता वाळव्यात या.

"दादा, साठ एचपीचाच घेतो. दोन ट्रॉल्या हसत ओढंल बघ," असं आमच्या चिरंजीवांचं म्हणणं. ओढेलच. पन्नास-पंचावन्नचे ट्रॅक्टरही ओढतात. कृष्णेच्या, सह्याद्रीच्या, राजारामबापूच्या गाडीअड्ड्यावर जाऊन बघा, अर्जुन, जॉन डिअर, न्यू हॉलंड सगळे रांगेत उभे असतात. दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टन ऊस सहज असतो. ट्रॉल्यांचं वजन वेगळं. आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन-सव्वादोन टन! म्हणजे सगळ्या लटांबराच्या दहावा हिस्सासुद्धा नाही. ट्रॉल्यांना बहुधा ब्रेकच नसतात. वीस-पंचवीस टनांचा तो डोंगर थांबवायचा तो फक्त ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी. आता एचपी पन्नास असो की साठ, ब्रेक लावताना त्याचा काय उपयोग?

ताकद लागते, नाही असं नाही. ती लागते फडातून गाडी बाहेर काढताना. काळी रान, पाटाचं पाणी नुकतंच दिलेलं, चाकं रुतलेली. तिथे साठच काय, ऐंशी एचपीसुद्धा गुरगुरत बसतो आणि शेवटी शेजारचा ट्रॅक्टर साखळी लावून पुढे जोडावा लागतो. पण हे दहा मिनिटांचं काम. त्या दहा मिनिटांसाठी आयुष्यभराचा हप्ता वाढवण्यापेक्षा शेजाऱ्याशी बरं ठेवावं.

ट्रॉली दोन चाकी असेल तर पुतण्याच्या हुकाचा हिशेब इथेही लागू पडतो. ऊस पुढच्या बाजूला जास्त रचला की भार ट्रॅक्टरच्या मागच्या अंगावर येतो आणि चढाला पुढची चाकं हवेत. पोरं त्याचे व्हिडिओ काढतात, खाली शाबासक्या पडतात. चाकं हवेत म्हणजे स्टिअरिंग हवेत, एवढं साधं कुणी लिहीत नाही. नुसतं पुढे वजनं टांगून भागत नाही, ऊस रचणाऱ्या टोळीला सांगावं लागतं. पण टोळीला घाई, मुकादमाला घाई, चिठ्ठी आलेली, कारखाना वाट बघतोय.

उताराचं तर विचारूच नका. शिराळ्याकडचे, पाटणच्या ढेबेवाडी खोऱ्यातले रस्ते ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. तिथेही डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे महाभाग आहेत. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, डाव्या-उजव्या चाकाची वेगवेगळी. नांगरताना वळायला ती सोयीची. रस्त्यावर दोन्ही खटक्याने जोडायची असतात. तो खटका न लावता भरल्या ट्रॉल्यांसकट एकच पेडल दाबलं गेलं तर पुढचं कल्पनेनेच पाहिलेलं बरं. आणि रात्री बंद पडलेली ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, दगड लावून रस्त्यातच उभी... सांगली-साताऱ्याच्या पानांवर हंगामात ही बातमी येतेच. पुढे गाण्यांचा आवाज आणि रंगीत दिव्यांची माळ मात्र लग्नाच्या वरातीसारखी. मागच्या लाल दिव्याला वायर पुरली नाही म्हणे!

मी त्याला म्हटलं, पन्नासच्या वर्गातला घे, तेलात बुडालेल्या ब्रेकचा, आणि वाचलेले पैसे ट्रॉलीवर घाल. ट्रॉलीवाल्याकडून ब्रेक बसवून घे. पुढचा ट्रॅक्टर मंदावला की मागचा रेटा हुकावर येतो आणि त्या रेट्यानेच ट्रॉलीचे ब्रेक लागतात, असे प्रकार आहेत, हवेचे आहेत. जर्मनीत शेतीच्या जड ट्रेलरला ते असतातच. यात न जमण्यासारखं काही नाही, आपल्याकडे कुणी मागत नाही एवढंच.

त्याचं उत्तर चोख होतं. "दादा, दर टनावर हाय. ब्रेकला चिखल लागणार, दर महिन्याला खोलायचा, तवर शेजारचा दोन खेपा जास्त मारणार."

इथे माझी पंचाईत होते, कारण तो खोटं बोलत नाही. वाहतुकीचा दर टनावर आणि अंतरावर. मुकादमाला लाखांनी उचल द्यायची, टोळी आली तर आली. नाही आली तर पैसे शोधत बीडपर्यंत फिरायचं आणि ट्रॅक्टरचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला. हंगाम चार-पाच महिन्यांचा. अशा माणसाला 'कमी भर, हळू चल' सांगणं म्हणजे तोटा सोस म्हणून सांगणं. त्याने एकट्याने ब्रेक बसवले तर तो एकटाच मागे पडणार. म्हणून मला वाटतं, ही गोष्ट ट्रॅक्टर घेणाऱ्याच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही, ती कारखान्याच्या करारात यायला हवी. वाहतूकदाराशी दरवर्षी करार होतोच, त्याला आगाऊ रक्कमही दिली जाते. त्यातच लिहा की ब्रेक नसलेली ट्रॉली अड्ड्यावर घेणार नाही. पहिली दोन वर्षं मुदत द्या, ब्रेकचा खर्च आगाऊ रकमेत धरा आणि हंगामभर थोडा थोडा कापून घ्या. सगळ्यांनाच लागू झालं की शेजारी दोन खेपा जास्त मारणार नाही.

रिफ्लेक्टरचं असंच झालंय. कारखाने आणि आरटीओ हंगामाच्या सुरुवातीला ते लावून घेतात, निदान त्या दिवसापुरते तरी ते चमकतात.

आणि वजनाचं म्हणाल, तर पुतण्याला आपला ट्रेलर नेमका किती भरलाय हे कळायला हायवेवरचा वजनकाटा शोधून पैसे मोजावे लागतात. आपल्याकडे प्रत्येक खेप काट्यावरून जाते, भरलेली आणि रिकामी दोन्ही. (काट्याबद्दलची शेतकऱ्यांची कुरकुर हा वेगळा विषय, त्यावर लिहायला बसलो तर नातेवाइकांतच भांडणं लागतील.) म्हणजे कुठल्या ट्रॅक्टरने किती ओढलं, हे किलोपर्यंत कारखान्याच्या दप्तरात आहे. इतकी माहिती त्या डेव्हिस डॅमवाल्यांकडेसुद्धा नसेल!

चिरंजीवांनी अजून बुकिंग केलेलं नाही. ट्रॉलीवाल्याला ब्रेकचा भाव विचारून ये, एवढं मात्र कबूल करून घेतलंय. कराडकडे किंवा पलूसकडे कुणी ब्रेकवाली ट्रॉली वापरत असेल, तर चिखलात ती कशी टिकते ते खाली जरूर लिहा. मी सांगून तो ऐकणार नाही, दुसऱ्या ट्रॅक्टरवाल्याचं ऐकेल.