ट्रॉली भुईकाट्यावर, मग तोलाई कशाची? कांदा बाजारातल्या वादामागचं साधं भौतिकशास्त्र

एप्रिल २०२४ मध्ये उन्हाळ कांदा बाजारात यायला लागला आणि नेमके तेव्हाच नाशिक जिल्ह्यातल्या अनेक बाजार समित्यांमधले लिलाव ठप्प झाले. कारण होतं हमाली, तोलाई आणि वाराई. शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून ही रक्कम कापणं बंद करायचं असं व्यापाऱ्यांनी ठरवलं, माथाडी आणि मापारी कामगारांनी त्याला विरोध केला, आणि मधल्या मध्ये शेतकऱ्याचा कांदा अडकला.

लिलाव पुढे सुरू झाले. पण त्या वादातला एक प्रश्न आजही तितकाच ताजा आहे. पिंपळगाव बसवंतला तुम्ही कांद्याची ट्रॉली घेऊन गेला असाल तर तुम्हालाही तो पडला असेल. ट्रॉली भुईकाट्यावर चढते, स्क्रीनवर आकडा येतो, पावती छापून हातात पडते. कुणी काही उचललं नाही. मग तोलाई कशाची?

यावर राजकीय बाजूनं भरपूर बोललं गेलंय. आपण जरा वेगळ्या बाजूनं बघू. वजन करताना नेमकं काय घडतं, काटा कुठे चुकू शकतो आणि माणसाचं श्रम त्यात कुठे येतं, हे समजलं की वादातली बरीच धूळ खाली बसते. शिवाय काट्यावर उभं असताना आपलं नुकसान कुठे होऊ शकतं तेही कळतं.

काटा किलो मोजत नाही

पावतीवर किलो लिहिलेले असले तरी काट्याला किलो कळतच नाहीत. त्याला कळतो तो दाब, म्हणजे बल. पृथ्वी प्रत्येक किलोला साधारण ९.८ न्यूटन बलानं खाली ओढते. ट्रॉलीत ४,००० किलो कांदा असेल तर हे बल होतं सुमारे ३९,२०० न्यूटन. काट्याचा प्लॅटफॉर्म तेवढ्याच बलानं ट्रॉलीला वर ढकलतो. खालचं आणि वरचं बल सारखं, म्हणून ट्रॉली जागेवर स्थिर. यालाच समतोल म्हणतात.

प्लॅटफॉर्मखाली चार, सहा किंवा आठ लोडसेल असतात. लोडसेल म्हणजे पोलादाचा एक ठोकळा. वजन आलं की तो केसाच्या जाडीपेक्षाही कमी दबतो. त्याला चिकटवलेल्या बारीक तारेची लांबी त्यामुळे किंचित बदलते, तिचा विद्युतरोध बदलतो, आणि त्यावरून यंत्र बल ओळखतं. मग त्या बलाचे किलो करून दाखवतं.

आता समजा ट्रॉली प्लॅटफॉर्मच्या मधोमध नाही, एका बाजूला उभी आहे. वजन चुकेल का? नाही. १२ मीटर लांबीच्या काट्यावर ४,००० किलोचा भार डाव्या टोकापासून ३ मीटरवर असेल, तर डावीकडचे सेल ३,००० किलो पेलतात आणि उजवीकडचे १,०००. बेरीज तीच. पण सगळी चाकं प्लॅटफॉर्मवर हवीत, ही अट मात्र पक्की.

दोन चाकांच्या ट्रॉलीत तर ही अट फारच महत्त्वाची, कारण तिचं काही वजन ट्रॅक्टरच्या हुकावर टेकलेलं असतं. ट्रॅक्टर काट्याच्या बाहेर आणि फक्त ट्रॉली वर असेल, तर हुकावरचं वजन ट्रॅक्टरच्या चाकांमधून सरळ जमिनीत जातं. काट्याला ते दिसतच नाही. भाराचा दहावा हिस्सा हुकावर असेल तर ४,००० मधले ४०० किलो गायब.

हलती गाडी, नाचता आकडा

गाडी काट्यावर येताच आकडा वरखाली नाचतो. ब्रेक मारला की ट्रॉली स्प्रिंगवर थोडी झोके खाते. ती खाली येताना थांबते तेव्हा प्लॅटफॉर्मला जास्त बल लावावं लागतं, वर उसळून खाली परतताना कमी. म्हणून आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. दोन-चार सेकंदांची घाई दोघांपैकी एकाला महाग पडते.

हे स्वतः बघायचं असेल तर खिशातला फोन पुरेसा आहे. फोनमध्ये ॲक्सिलरोमीटर असतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं बनवलेलं फायफॉक्स हे मोफत ॲप टाका, त्यातला गुरुत्वासकट त्वरण दाखवणारा प्रयोग उघडा आणि फोन टेबलावर ठेवा. आकडा दिसेल ९.८ च्या आसपास. फोन तर स्थिर आहे, मग हे कुठून आलं? टेबल फोनला वर ढकलतंय, सेन्सरला तेच जाणवतंय. आता लिफ्टमध्ये जा. लिफ्ट वर निघताना आकडा वाढेल, थांबताना कमी होईल. नाचणाऱ्या ट्रॉलीखाली काट्याची हीच अवस्था असते.

चूक कुठे लपते?

शेतकऱ्याला मिळणारं वजन म्हणजे दोन आकड्यांची वजाबाकी. भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन. लिलाव झाला की गाडी काट्यावर जाते, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरतो, मग रिकामी गाडी पुन्हा काट्यावर.

या वजाबाकीत एक गंमत आहे. काटा शून्याऐवजी आधीच २० किलो दाखवत असेल आणि दोन्ही वेळा तेवढीच चूक असेल, तर वजाबाकीत ती उडून जाते. पण काटा टक्केवारीनं चुकत असेल तर ती उडत नाही. अर्धा टक्का कमी दाखवणारा काटा ४,००० किलो कांद्यात २० किलो खातो. १,५०० रुपये क्विंटल भाव धरला तर ३०० रुपये गेले. एका ट्रॉलीत हे कळतही नाही, हंगामभरात कळतं.

दुसरी गडबड माणसाची. भरलेल्या गाडीच्या वेळी ड्रायव्हर खाली उभा आणि रिकामीच्या वेळी सीटवर बसलेला, तर त्याचं ७० किलो वजन थेट तुमच्या कांद्यातून वजा होतं. त्याच भावानं १,०५० रुपये. उलट झालं तर नुकसान व्यापाऱ्याचं. म्हणून दोन्ही वेळा स्थिती एकच हवी: ट्रॅक्टर तोच, जागा तीच, माणसं एकतर दोन्ही वेळा वर किंवा दोन्ही वेळा खाली.

तिसरी गडबड घर्षणाची, आणि ही सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. प्लॅटफॉर्म आणि बाजूची चौकट यांच्यामध्ये फट असते. त्यात दगड किंवा वाळलेला चिखल अडकला की प्लॅटफॉर्म चौकटीला घासतो आणि वजनाचा काही भाग चौकटच पेलते. लोडसेलपर्यंत कमी बल पोहोचतं, आकडा कमी येतो. पावसाळ्यात तर ती फट बघाच.

जुन्या दोन पारड्यांच्या तराजूचा एक फायदा होता. तो वजनाची तुलना वजनाशी करायचा, त्यामुळे गुरुत्व थोडं कमीजास्त असलं तरी फरक पडत नसे. लोडसेलचं तसं नाही. विषुववृत्तावर आणि ध्रुवावर गुरुत्वात सुमारे अर्ध्या टक्क्याचा फरक आहे. म्हणून काटा जिथे बसवला तिथेच प्रमाणित वजनं ठेवून जुळवावा लागतो. वैध मापनशास्त्र कायदा २००९ मधला आहे. त्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार भुईकाट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी व्हायला हवी.

मग हमालाचं काम किती?

आता मूळ प्रश्नाकडे. पूर्वी कांदा गोणीत भरून, गोणी तराजूवर चढवून मोजला जायचा. मापारी तोलायचा, हमाल उचलायचा. तोलाई म्हणजे त्या तोलण्याची मजुरी. भुईकाट्यावर तोलणारं बल लोडसेल पेलतात, माणूस नाही. खाजगी काट्यावर वजनाची फी वेगळी भरावी लागते. त्यामुळे तोलाईबद्दल शेतकऱ्याचा प्रश्न भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं रास्त आहे.

पण हाच तर्क सरसकट हमालीला लावला तर मोठी चूक होईल. का ते आकड्यांत बघू.

भौतिकशास्त्रात कार्य म्हणजे बल गुणिले त्या दिशेनं झालेलं अंतर. ५० किलोची गोणी दीड मीटर उचलली तर कार्य झालं ७३५ ज्यूल. ४,००० किलोच्या ८० गोण्या उचलल्या तर ५८,८०० ज्यूल. कॅलरीत सांगायचं तर जेमतेम १४ किलोकॅलरी. एका छोट्या ग्लुकोज बिस्किटात याहून जास्त असतात! म्हणजे ८० गोण्या चढवणाऱ्या माणसाची मेहनत एका बिस्किटाएवढी?

अर्थातच नाही. गोणी खांद्यावर घेऊन नुसतं उभं राहिलं तर पुस्तकी व्याख्येनुसार कार्य शून्य. सपाट जागेवरून ती पलीकडे नेली तरी गुरुत्वाविरुद्धचं कार्य शून्य. पण स्नायू पूर्ण वेळ ताणलेले असतात, शरीर ऊर्जा जाळत असतं, मणक्यावर भार असतो. वर उचललेली प्रत्येक गोणी शरीराचा समतोल बिघडवते आणि तो सावरायला पाठीचे स्नायू ओढले जातात. टेबलावर ठेवलेल्या गोणीसाठी टेबल थकत नाही, माणूस थकतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली, ती याच कारणानं. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी उभी केलेली चळवळ होती, आणि प्रश्न हाच होता की अंगावर ओझं वाहणाऱ्याला सुरक्षितता कोण देणार.

पुढचा नंबर हमालीचा?

कांदा उतरवण्याची पद्धतही बदलतेय. हायड्रॉलिक ट्रॉली मागून खाली होते, गोणी लागत नाही. हे काम गुरुत्व आणि घर्षण मिळून करतात. ट्रॉलीचा तळ तिरका होतो तसं वजनाचं उताराच्या दिशेनं ओढणारं बल वाढतं आणि तळावर दाबणारं कमी होतं. एका कोनाला घर्षण हरतं आणि माल घसरतो.

हा कोनही फोननं मोजता येतो. जाड पुठ्ठ्यावर खोडरबर ठेवा, शेजारी फोन ठेवून लेव्हल दाखवणारं ॲप उघडा. फोन घसरू नये म्हणून त्याला चिकटपट्टी लावा. पुठ्ठा हळूहळू उचला. खोडरबर २० अंशाला घसरलं तर घर्षणगुणांक ०.३६, ३० अंशाला घसरलं तर ०.५८. आता खोडरबरावर दुसरं खोडरबर चिकटवून बघा. वजन दुप्पट, पण कोन जवळपास तोच! ओढणारं बल आणि घर्षण दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात. म्हणून यंत्राला ट्रॉली जड आहे की हलकी याची फारशी पर्वा नसते. माणसाला असते.

इथे खरा पेच आहे. तोलणं लोडसेलकडे गेलं, उतरवणं हायड्रॉलिककडे जातंय. जे काम होतच नाही त्याचे पैसे शेतकऱ्यानं का द्यावेत, हा प्रश्न बरोबर आहे. पण ज्यांनी अनेक वर्षं पाठीवर हे बल पेललं, त्यांच्या सामाजिक सुरक्षेची वर्गणीही याच मजुरीला जोडलेली आहे. तोलाई नुसती रद्द केली तर ती कुणाच्या खिशातून यायची हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर हिशोबपट्टीतल्या एका ओळीत लपवण्यापेक्षा उघडपणे ठरवलेलं बरं. हमालीची ओळ असेल तर किती गोण्या, कुणी, कुठे उतरवल्या ते लिहिलेलं असावं. यंत्रानं केलेल्या कामावर यंत्राचीच फी असावी.

काट्यावर जाताना एवढं बघा

१. गाडी चढण्याआधी स्क्रीनवर शून्य आहे ना? फोटो काढून ठेवा.
२. सगळी चाकं प्लॅटफॉर्मवर आहेत ना, दोन्ही वेळा?
३. ड्रायव्हर आणि बाकीची माणसं दोन्ही वेळा एकाच जागी आहेत ना?
४. आकडा स्थिर झाल्यावरच पावती निघाली ना?
५. फटीत दगड-चिखल नाही ना?
६. पडताळणीचं प्रमाणपत्र चालू वर्षाचं आहे ना?
७. हिशोबपट्टीवर तोलाई कापली असेल तर तोलणी कुठे आणि कशावर झाली, हे विचारा.

घरी हिशोबपट्टी वाचणारं बहुतेक वेळा तुम्हीच असता. पुढच्या खेपेला वडिलांबरोबर किंवा काकांबरोबर पिंपळगावला गेलात, तर काटापावती आणि हिशोबपट्टी शेजारी शेजारी ठेवून दोन्हींचे फोटो घ्या. हंगामाच्या शेवटी सगळ्या पावत्या एकत्र मांडल्या की कुठला काटा सतत एकाच बाजूला झुकतोय, हे फोनमधल्या साध्या एक्सेल शीटवरही दिसून येतं.