आणि पार्टी

जुन्या तबकड्यांवर आणि कार्यक्रमांच्या पत्रकांवर एक ठरलेला मजकूर असायचा : "शाहीर अमुक अमुक आणि पार्टी". ढोलकीवाला, तुणतुण्यावाला, झीलकरी सगळे त्या "आणि पार्टी"त. आमच्या सोलापूरचे राम जोशी, बार्शीचे अमर शेख यांच्याबद्दल मी वर्गात भरभरून बोललो आहे. त्यांच्या मागे उभं राहून ढोलकी वाजवणाऱ्याचं नाव मात्र कुठल्या धड्यात नव्हतं. हे आज आठवायचं कारण म्हणजे रॅपचे बीट बनवणारी मुलं. तीही "आणि पार्टी"तच मोडतात, आणि मला ते मुळीच पटत नाही.

(नातेवाईक वाचकांसाठी : बीट म्हणजे कोशिंबिरीतलं नव्हे. रॅपर भराभर जे म्हणतो, त्याच्या खालचा ठेका, खर्ज, मधूनच डोकावणारी सुरावट, हे सगळं मिळून बीट.)

खरं तर या गाण्यात मान आधी बीटवाल्याचा. हिपहॉपचा जन्मदिवस ११ ऑगस्ट १९७३ मानतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात बहिणीने ठेवलेल्या पार्टीत कूल हर्क नावाचा तरुण तबकड्या वाजवत होता. गाण्यातला नुसत्या ढोलाचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटून पालटून वाजवून तो लांबवायचा. त्या लांबवलेल्या ठेक्यावर पुढे शब्द आले. आज उलटं झालंय. २०१९ मध्ये 'गली बॉय' आला, २०२३ मध्ये पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन 'बिग बॉस' जिंकला, आणि रॅपर हा शब्द घरोघरी पोचला. हा स्टॅन आपले बरेचसे बीटही स्वतःच बनवतो, हे किती जणांना माहीत आहे?

आमच्या पूर्व भागात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा हे काम करतो. वडील यंत्रमागावर. मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. 'स्टुडिओ' म्हणजे घरातली मागची खोली, पत्र्याची. जुना लॅपटॉप, त्यात एफएल स्टुडिओ नावाचं सॉफ्टवेअर, पंचवीस पट्ट्यांचा आणि आठ रबरी चौकोनांचा छोटा कीबोर्ड, कान झाकणारे हेडफोन, एक माइक. आणि भिंतींना चारी बाजूंनी सोलापुरी चादरी! खोलीत आवाज घुमू नये म्हणून. जाड सुती कापड वरचे आवाज शोषून घेतं, खर्ज मात्र त्याला जुमानत नाही. म्हणून रात्री हेडफोन. शेजाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मिरवणुकीतला डीजे आणि हा पोरगा यांचा काही संबंध नाही.

रात्री दहानंतर तो बसतो. आधी लय ठरवतो, मिनिटाला नव्वद ठोके, कधी पंचाऐंशी. पडद्यावर एका ओळीत सोळा घरं (तीनतालाच्या मात्राही सोळाच, मला गंमत वाटली). कुठल्या घरात ढोल, कुठल्या घरात टाळी, ते भरायचं. मग सुरावट. मग अर्धंअधिक पुसून टाकायचं. सकाळी तोच बीट मोबाइलच्या किरट्या स्पीकरवर ऐकायचा. तिथे ठेका हरवला, तर रात्री पुन्हा त्यावर बसायचं. रोज एक, आणि महिन्यातून ठेवण्याजोगे दोन-तीन.

"सगळं कॉम्प्युटरच करतो की", असं आमचे मेहुणे म्हणतात. करत नाही हो. कॉम्प्युटर ठोका बरोब्बर घरात टाकतो आणि तिथेच गाणं मरतं. ढोलकीवाला एखादी थाप केसभर मागे ठेवतो, तेव्हा मान डोलते. ती केसभर जागा माणसालाच शोधावी लागते. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा जे डिला (तो २००६ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेला) नेमका याच, घरातून सरकवलेल्या ठोक्यांसाठी नावाजला गेला. त्याचं बीट बनवायचं यंत्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनच्या संग्रहालयात ठेवलंय. आमच्या पोराने वडिलांच्या मागाचा आवाज मोबाइलवर टिपून आणला, कापला आणि एका बीटमध्ये बसवला. धोट्याची खटखट थोडी मागेपुढे होते. ती त्याने सरळ केली नाही, तशीच ठेवली. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. पूर्व भागात कितीतरी मागांची खटखट आता कायमची थांबली आहे, त्यांचा आवाज कोणी टिपून ठेवला?

वडिलांचं म्हणणं वेगळं. "सर, तुम्ही तरी सांगा त्याला. बारा तास खटखट ऐकून येतो, घरात पण तीच. यातनं पोट भरतंय का?"

प्रश्न रास्त आहे, आणि "कला ही कला असते" वगैरे उत्तर मी देणार नाही. परगावच्या एका रॅपरने त्याचा बीट घेतला, गाणं लोकांनी खूप ऐकलं. पैसे मिळाले दोन हजार आणि नाव कुठेच नाही. कागद नव्हता, नुसतं व्हॉट्सअॅपवर "भाई, भेज दे". या धंद्यात बीट भाड्यानेही देतात आणि कायमचा विकतातही. पहिल्यात तोच बीट दुसऱ्यालाही देता येतो. या पोराने काय केलं होतं, भाडं की विक्री, ते त्यालाच सांगता येईना!

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकाराचा हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीने तर रॉयल्टीतला त्याचा वाटा निर्मात्याला सहजासहजी लिहून घेता येत नाही. बीट स्वतः रचणारा संगीतकार नव्हे तर कोण? पण मागणार कोण, आणि कुठल्या कागदावर? म्हणून मी वडिलांना सांगितलं, नाद सोडायला मी त्याला सांगणार नाही, हिशोब ठेवायला सांगेन. त्याला एक लांब वही दिली आहे : तारीख, लय, कोणाला दिला, भाड्याने की कायमचा, किती रुपये, नाव कुठे छापणार. नाव छापायचं लेखी कबूल केल्याशिवाय बीट पाठवायचा नाही. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. आणि बी.कॉम. पूर्ण करायचं, यात तडजोड नाही.

वहीत आत्तापर्यंत चार नोंदी झाल्यात. मागाच्या आवाजाचा बीट अजून कोणाला दिलेला नाही. त्या नोंदीत नावाच्या रकान्यात काय लिहायचं यावर बापलेकांचं बोलणं चालू आहे. मागाचा आवाज आपला, तेव्हा आपलंही नाव हवं, असं वडील म्हणतात.